मसाला माणसाबरोबर यायचा

१९८४ च्या सप्टेंबरात बंगळूरजवळच्या येलहंक्यात रेल्वेची चाकं आणि आस घडवणारा कारखाना सुरू झाला. देशभरातून कामगार आले, अधिकारी आले. त्यांत सोलापूर, भुसावळ, नागपूर अशा रेल्वेच्या गावांतली मराठी कुटुंबंही होती. कुणी हवाई दलाच्या तळावर बदलून आलं, कुणी बँकेतून. हाउसिंग बोर्डाच्या नव्या वसाहतीत, म्हणजे उपनगरात, कितीतरी जणांनी बिऱ्हाडं मांडली. त्यांची शाळकरी मुलं ती आम्ही. आज आम्ही पन्नाशीत आहोत आणि एकत्र जमलो की कुठलाही विषय फिरून खाण्यावर येतो. तेव्हा काय काय मिळत नव्हतं त्याची उजळणी होते, आणि सूर असा लागतो की न मिळण्यातच सुख होतं. हा सूर मला पुरता खरा वाटत नाही. तरी तो लागला की मीही त्यात आवाज मिसळते.

तेव्हा आमच्या वसाहतीतल्या कुठल्याच दुकानात गोडा मसाला मिळत नव्हता. आमसुलं नव्हती, शेंगांची चटणी नव्हती. ज्वारी उत्तर कर्नाटकाची. इथे सगळीकडे नाचणी. त्यामुळे सोलापूरकरांचे भाकरीवाचून हाल व्हायचे. कुणी गावी निघालं की बातमी आधी वसाहतीत फिरायची, आणि संध्याकाळपर्यंत त्या घरात रिकामे डबे येऊन पडायचे. डब्यांवर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने आडनाव. तीन-चार आठवड्यांनी उद्यान एक्स्प्रेसने ती मंडळी परतायची. त्यांना उतरवून घ्यायला दोघं-तिघं बाप्ये स्टेशनवर जायचे, कारण बर्थखाली ज्वारीचं पोतं असायचं. मग घरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून वाटप व्हायचं. वजनकाटा नव्हता, आमटीची वाटी हेच माप. डब्यात मसाला भरता भरता कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाच्या सासऱ्यांना अर्धांग झाला, वाड्याची कुठली भिंत पावसात पडली, हे सगळं सांगून व्हायचं. मसाला एकटा कधी आला नाही.

आता तो एकटाच येतो. फोनवर बोट ठेवलं की पंधरा मिनिटांत गोडा मसाला, चितळ्यांची बाकरवडी, आमसुलं, ज्वारीचं ताजं पीठ दारात. पिशवी आणून देणारा मुलगा दार उघडेपर्यंत अर्धा जिना उतरलेला असतो. त्याचा चेहरा दिसत नाही, गाव कळत नाही. मसाला मात्र आधीच्यापेक्षा चांगला असतो, हे मान्यच केलं पाहिजे. तेव्हा उन्हाळ्यात आणलेला मसाला मार्गशीर्षापर्यंत पुरवताना त्याचा वास उडून जायचा, ज्वारीत टोके व्हायचे, आणि एका घरी वाटी शिगोशिग भरली नि दुसऱ्या घरी सपाट, यावरून बायकांचं बोलणं बंद झालेलंही मी पाहिलं आहे. पोतं उचलून कंबर धरलेले बाप्येही पाहिले आहेत. आज कुणाची कंबर धरत नाही, कुणाचं बोलणं बंद होत नाही. बोलणं मुळात सुरूच होत नाही.

जानेवारीतल्या अवरेकाळूची आठवण आमच्यात सगळ्यांत लाडकी आहे, म्हणून तिच्याजवळ थोडी थांबते. अवरेकाळू म्हणजे आपल्या पावट्याच्या जातीचे दाणे. थंडीत दव पडलं की त्या शेंगांना एक तेलकट, हिरवा वास सुटतो. इथले लोक त्याला सोगडू म्हणतात आणि तो नसेल तर शेंगा घेत नाहीत. समोरच्या घरातल्या अज्जी शेंगा हुंगून भाव करायच्या. दाणे रात्री पाण्यात टाकायचे आणि सकाळी उन्हात, पायरीवर बसून सोलायचे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाणा धरून चिमटा काढला की साल हातात राहते आणि आतली डाळ निसटून परातीत पडते. नेम चुकला तर अंगणात. साली एका बाजूला साठत जायच्या, बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतायची, नखांत हिरवं शिरायचं आणि तो वास दोन दिवस हाताला राहायचा. अज्जींच्या घरी त्याचं सारू व्हायचं, रागीमुद्द्याबरोबर, म्हणजे नाचणीच्या उंड्याबरोबर. आमच्याकडे त्याच दाण्यांची डाळिंब्यांची उसळ, गूळ-आमसूल घालून. दुपारी वाट्या इकडून तिकडे जायच्या. अज्जींना आमची उसळ गोड लागायची, आम्हांला त्यांचं सारू तिखट. तरी दोन्ही वाट्या रिकाम्या होऊन परत यायच्या. रिकाम्या म्हणजे धुतलेल्या, आणि तळाशी चमचाभर साखर ठेवून, कारण रिकामी वाटी परत करायची नसते.

आता सोललेल्या डाळीची पाकिटं मिळतात, वर तारीख छापलेली. शहरात थंडीत अवरेकाळूची जत्राच भरते. तिथे डोसा, होळगे, जिलबी, सगळं त्याचंच. आम्ही हौसेनं जातो, गर्दीत उभं राहून खातो. आणि घरी आल्यावर पायरीवरच्या त्या सकाळींची आठवण काढतो.

एकदा ती आठवण मी आईपुढे काढली. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. ती म्हणाली, "तुम्ही मूठभर सोलून खेळायला पळायचात. उरलेल्या मी सोलायची. मला त्यातलं एकच आठवतं, नखं दुखायची." पाकिटातली डाळ तिला मनापासून आवडते. पाटा-वरवंटा गच्चीवर नेऊन ठेवण्याची घाई तिलाच होती. इडलीचं पीठ दुकानातून आणायला आमच्या घरात तिनेच सुरुवात केली, आणि आम्ही नाकं मुरडली तेव्हा सांगितलं की मग पहाटे उठून तुम्ही वाटा. कुणी उठलं नाही. तेव्हापासून मी आमच्या गप्पा वेगळ्या कानांनी ऐकते. जुन्या जेवणाची हुरहूर लागते ती ज्यांना वाढलं गेलं त्यांना. वाढणाऱ्यांपैकी कुणाला ती लागलेली मी फारशी पाहिलेली नाही. आईची पिढी शेवटी बसायची. तोवर आमटीत डाळ उरलेली नसायची. आम्हांला जी चव आठवते ती पहिल्या पंगतीची.

हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झालं ते मांसावरचा शेवटचा निर्बंध ४ जुलै १९५४ रोजी उठेपर्यंत चाललं. चहासाठी जीव टाकणाऱ्या त्या देशात मोठ्या माणसाला आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम चहा मिळे. अंड्याच्या जागी अमेरिकेहून आलेली अंड्याची भुकटी होती, पांढऱ्या पावाच्या जागी करडा, ओलसर ‘नॅशनल लोफ’. पाव खुद्द युद्धात रेशनवर नव्हता. तो युद्ध संपल्यावर, १९४६ ते १९४८ या काळात आला. आणि तरी त्या दिवसांची लहान मुलं म्हातारपणी मायेनं सांगतात: आजीचं पुडिंग, अंगणातल्या भाज्या, १९५३ च्या फेब्रुवारीत मिठाईवरचं रेशन उठल्यावर दुकानांपुढे लागलेल्या रांगा. यात खरं पुष्कळ आहे. गरिबांच्या मुलांना त्या काळात दूध, संत्र्याचा रस आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल मिळालं, वाट्याला आलेलं सगळ्यांना सारखं होतं, आणि अनेक घरांत त्याआधीपेक्षा बरं पोषण झालं. पण कूपनं सांभाळत रांगेत उभी राहिलेली आई होती, मुलं नव्हती. पुढे त्याच देशाचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी २००१ मध्ये चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ आहे असं भाषणात सांगितलं. करड्या पावापासून इथवर यायला त्यांना अर्धं शतक लागलं, आणि मागे फिरा म्हटलं तर त्यांच्यातला कुणी फिरणार नाही.

त्याच युद्धाने आमच्या शहरालाही एक पदार्थ दिला. जपानने ब्रह्मदेश घेतला, तांदळाची आवक तुटली, इडलीला तांदूळ मिळेना. तेव्हा बंगळूरच्या एमटीआर उपाहारगृहाने रव्याची इडली केली. मोहरी, कढीपत्ता, काजू घातलेली ती इडली आज आम्ही परंपरेचा पदार्थ म्हणून पाहुण्यांना खाऊ घालतो. ती टंचाईची लेक आहे. मात्र हे सांगताना हेही सांगायलाच हवं की त्याच साम्राज्यात, त्याच युद्धाच्या काळात, १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. टंचाईत गोडवा सापडतो तो तिच्यातून तगलेल्यांना.

आता पेयाकडे येते. आमची घरं चहाची होती. चहा आपल्याकडे इंग्रजांच्या मळेवाल्यांनी गावोगाव फुकट पाजून, जाहिराती करून रुजवला, आणि इतका रुजवला की आमच्या आईवडिलांना तो आपला वाटायचा आणि कॉफी परकी. येलहंक्याने आम्हांला कॉफीवर आणलं. बाजारातल्या कॉफीपुडीच्या दुकानात बिया समोर दळायचे. दुकानदार विचारायचा, चिकोरी किती? पाहुण्यांसाठी कमी, घरच्यांसाठी जास्त. दळलेली पूड खाकी पिशवीत भरली की ती गरम लागायची, आणि बसमधून घरी नेताना शेजारी बसलेला माणूस हमखास वळून बघायचा. पितळी फिल्टरमध्ये रात्री पूड दाबून वर कढत पाणी ओतायचं. सकाळपर्यंत थेंब थेंब डिकॉक्शन खाली. पहिलं डिकॉक्शन बाबांना, आलेल्या-गेलेल्याला. दुसरं, त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून काढलेलं पांचट, आईला आणि कामाला येणाऱ्या बाईंना. बाईंचा पेला वेगळा होता, खिडकीत पालथा घातलेला. आमच्या आठवणींच्या गप्पांत फिल्टर असतो, हा पेला नसतो. तो असायला हवा.

बाहेर खाणं म्हणजे महिन्याकाठी एखादा रविवार. लाल बसने मॅजेस्टिकचं बसस्थानक, तिथून दुसऱ्या बसने गांधीबाजार, विद्यार्थी भवनाच्या दाराशी ताटकळणं. १९४३ पासूनचं ते ठिकाण. वेटर एका हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत रचून टेबलांमधून यायचे आणि आम्ही श्वास रोखून बघायचो. बाकी वेळ दर्शिनी. उभ्या उभ्या खायची ही स्वस्त, स्वच्छ उपाहारगृहं १९८० च्या दशकात जयनगरच्या बाजूला सुरू झाली आणि बघता बघता शहरभर पसरली. कूपन घ्यायचं, खिडकीशी द्यायचं, स्टीलच्या उंच टेबलाशी अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून इडली खायची. बाबांना ते मुळीच पटलं नाही. उभ्यानं काय गुरं खातात, असं म्हणायचे. त्यांच्या तोंडी पान मांडून, पाट टाकून वाढलेल्या पंगतींची आठवण असायची. पण त्या पंगतीत कोण कुठे बसणार हे जातीवरून ठरायचं, आणि दर्शिनीच्या टेबलाशी रिक्षावाला, कारकून आणि अधिकारी शेजारी शेजारी चटणी मागायचे. बाबांना जो ऱ्हास वाटला, त्याच्याच आठवणीने आज आमचा गळा दाटतो. आमच्या दुःखावर पुरता विश्वास ठेवू नये, याला एवढा पुरावा मला पुरतो.

दर्शिनीतली ‘बाय टू’ कॉफी मात्र मला खरोखर हवी आहे. दोघांनी एक कॉफी मागायची. तो ती दोन छोट्या पेल्यांत ओतून द्यायचा. पैसे वाचायचे हे खरं, पण दुसऱ्याला कॉफीसाठी थांबवून घ्यायला निमित्त मिळायचं हे त्याहून मोठं. पुरी कॉफी नको, वेळ नाही, असं म्हणणारा माणूससुद्धा बाय टूला नाही म्हणायचा नाही. कॉलेजातली आमची भांडणं आणि मिटवामिटवी, नोकरीच्या खटपटी, एक-दोन लग्नंही त्या अर्ध्या पेल्यावर ठरली. १९९६ साली ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान निघालं आणि एका कपावर तासन्‌तास बसायला शहर शिकलं. तेव्हा ते आम्हांला उधळेपणाचं वाटलं होतं; आता त्याचीही दुकानं कमी झाली आणि आमच्या मुलांच्या पिढीतली मोठी मुलं त्यांच्यासाठी हळहळतात. नव्या कॅफेंत चिक्कमगळूरच्या कुठल्या मळ्यातली बी, किती उंचीवरची, कशी वाळवलेली, हे पाकिटावर छापलेलं असतं. आम्ही वर्षानुवर्षं कॉफी प्यायलो आणि ती कुणी पिकवली हे कधी विचारलं नाही. चिकोरीने चव झाकलेली असायची. ही नवी कॉफी चांगली आहे, मला आवडते. ती अर्धी करून मात्र कुणी देत नाही.

येलहंक्याहून देवनहळ्ळीकडे जाणारा रस्ता तेव्हा द्राक्षांचा होता. बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना मांडव दिसायचे, बंगलोर ब्लू जातीच्या काळ्या-निळ्या, जाड सालीच्या, आंबटगोड द्राक्षांचे. साल तोंडातून बाहेर काढावी लागायची आणि जीभ जांभळी व्हायची. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला. त्याच्या आगेमागे जमिनींचे भाव चढले आणि मांडव एकेक करून उतरले. त्याच भागाचं पपनस, ज्याला इथे चकोता म्हणतात, भौगोलिक मानांकन मिळवून बसलंय, २०१३ मध्ये या द्राक्षालाही ते मिळालं; झाडं मात्र शोधावी लागतात. आमच्या फ्रिजमध्ये आता किवी असतात, ड्रॅगन फ्रूट असतं, बारा महिने सफरचंदं असतात. जमिनी विकून काही शेतकऱ्यांची मुलं शिकली, काहींचे पैसे पाच वर्षांत संपले. माझ्या जांभळ्या जिभेसाठी त्यांनी मांडव राखायला हवे होते असं मी म्हणणार नाही. पण बाजारात आजही कधी ती द्राक्षं दिसली की मी भाव न करता घेते.

सामिष खाण्याचं बोलायचं तर आमच्या आठवणी फारच सोज्वळ करून सांगितलेल्या आहेत. वसाहतीत एक मालवणी कुटुंब होतं. रविवारी ते खिडक्या लावून मासे तळायचे, आणि तरी वास येतो म्हणून त्यांना ऐकवलं जायचं. अय्यंगार बेकरीतला बिनअंड्याचा हनी केक वाढदिवसाला चालायचा, अंड्याचा नाही. सैनिकी कँटीनची रम स्टीलच्या पेल्यातून, दार लोटून, फक्त पुरुषांनी घ्यायची. बायकांना ती दिसायची नाही असं धरून चालायचं. आज आमची मुलं होसकोट्याच्या बिर्याणीसाठी पहाटे चारला निघतात, सकाळी सहाला रांगेत उभ्या उभ्या खातात, आणि त्या रांगेत सगळ्या घरांतली मुलं असतात, मुलीसुद्धा. एअर शो आला की तळाच्या आसपास कित्येक किलोमीटरपर्यंत मांसविक्री काही आठवडे बंद असते, कारण टाकलेल्या मांसावर घारी येतात आणि विमानांना धोका होतो. तेव्हा ही मुलं कुरकुरतात. आमच्या लहानपणी वर्षभर तशीच बंदी होती, फक्त नोटीस निघत नव्हती. इथे मला जुनं काहीही परत नको.

मग काय हवंय, असं आईने विचारलं तेव्हा मी संक्रांतीचं नाव घेतलं. एळ्ळु-बेल्ला म्हणजे तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि डाळं यांचं मिश्रण. खोबरं आणि गूळ हरभऱ्याएवढे चिरायचे, अडकित्त्याने, आणि गच्चीवर मलमलीखाली उन्हं दाखवायची. खोबऱ्याची काळी पाठ आधी खरवडून काढायची, नाहीतर अज्जी ताट परत पाठवायच्या. मुली रेशमी परकर नेसून घरोघरी पुड्या द्यायच्या, बरोबर उसाचं कांडकं आणि साखरेची साच्यातली चित्रं. आम्ही मराठी मुली आईचे तिळाचे लाडू नि हलवा घेऊन निघायचो आणि दोन्हीकडचं खाऊन घरी यायचो. कुणाकडे जायचं आणि कुणाकडे नाही हे आम्ही ठरवत नसू. रस्त्यावरची सगळी घरं. ज्यांच्याशी पटत नाही तीही, ज्यांची भाषा कळत नाही तीही. पुढे वसाहत जाऊन इमारती आल्या, तयार पाकिटं आली, आणि पाकिटं लिफ्टमध्ये भेटलेल्याच्या हातात देऊन काम भागू लागलं.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतल्या चार घरांनी ते पुन्हा घरी करायचं ठरवलं. आईने अट घातली की चिरणं पुरुषांनी करायचं, आणि ती स्वतः खुर्चीत बसून तपासणार. पहिल्या वर्षी गुळाचे खडे सुपारीएवढे निघाले. तिने सगळे परत चिरायला लावले. माझ्या भावाच्या अंगठ्याला फोड आला, तो त्याने आठवडाभर सगळ्यांना दाखवला. वरच्या मजल्यावर गयेचं एक कुटुंब आहे, ते त्यांच्याकडचं तिळकूट आणतात आणि तिळाचं प्रमाण वाढवा म्हणून दरवर्षी धरून बसतात. समोरच्या कन्नड बाईंना ते बिलकुल मान्य नाही. यंदा खोबरं भावाकडे आहे, गूळ गयेवाल्यांकडे, आणि तिळाचं माप अजून ठरायचं आहे.